आधी भाकर, मग बोलणं

पत्र:

ताई, सलाम. मी ४८ वर्षांची. शाहूपुरीत, कुंभार गल्लीच्या अलीकडं आमचं घर. मिस्टरांचं उद्यमनगरात लेथचं छोटं वर्कशॉप आहे, फौंड्र्यांचं जॉबवर्क घेतात. दोन वर्षं झाली, काम कमी झालंय आणि केलेल्या कामाचे पैसे तीन-तीन महिने हातात पडत नाहीत. मशीनच्या कर्जाचा हप्ता मात्र पाच तारखेला बरोबर दारात. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. २०१९ च्या पुरात त्यांना खुर्चीत बसवून कमरेएवढ्या पाण्यातून बाहेर काढलं, २०२१ ला पुन्हा तेच. तेव्हापासून पाऊस लागला की पोटात गोळा येतो. आता तर पाऊस नसतानाही रात्री तीनला जाग येते. अंधारात ओट्यापाशी उभी राहून मी मोबाईलवर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघते. फेब्रुवारीतसुद्धा!

मी चर्चच्या क्वायरमध्ये गाते. रविवारी शांतीची गीतं गायची आणि घरी येऊन भांडी आपटायची, असं चाललंय. महिला मंडळात मन मोकळं केलं तर एक बाई म्हणाल्या, तुझा विश्वास कमी पडतोय, वादळात प्रभूनं शिष्यांना हेच विचारलं होतं. ओळखीतल्या एका प्रार्थना सभेत सांगितलं की बीपीच्या आणि झोपेच्या गोळ्या सोड आणि एकवीस हजारांचं 'विश्वासाचं बीज' पेर. मिस्टर बोलत नाहीत. मुलगा म्हणतो, "आई, तुझा देव हप्ता भरतोय का?" परवा शेजारच्या काकूंनी आमटी-भाकरी आणून दिली तर मला काही कारण नसताना रडू कोसळलं. प्रार्थनेला बसले की शब्द सुचत नाहीत. ख्रिस्तात शांती आहे म्हणतात, मग ती मला का लाभत नाही? की क्वायरच सोडून देऊ?

— एक वाचक भगिनी, कोल्हापूर

उत्तर:

ताई, सलाम.

आधी गोळ्यांचं बोलू, बाकीचं मागाहून. बीपीची गोळी एक दिवसही चुकवू नका. झोपेची गोळी ज्या डॉक्टरांनी दिली त्यांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही. अशा काही गोळ्या एकदम सोडल्या की उरलीसुरली झोपही उडते, जीव घाबरा होतो, आणि मग ती घाबरगुंडीही तुमच्या अविश्वासाच्या खात्यावर मांडली जाते. आपल्या भागातल्या मंडळींना तर हे सांगायची वेळ यायला नको होती. मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात येऊन राहिले, आणि त्यांनी सुरू केलेल्या मिशनच्या कामात पुढं आलेल्या डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत इस्पितळ उघडलं. वॉनलेस मिशनरीही होते आणि सर्जनही. प्रार्थना करणाऱ्यानं औषध घेऊ नये असं त्यांना वाटलं असतं, तर मिरजेचं नाव आज दवाखान्यांसाठी घेतलं गेलं नसतं.

आणि एकवीस हजार. ताई, घरात हप्ता तटला असताना देवाच्या नावानं एकवीस हजार मागणाऱ्या माणसाला माझ्याकडं सौम्य शब्द नाही. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात शमरोनातला शिमोन जादूगार पैसे घेऊन प्रभूचा शिष्य पेत्र याच्याकडं गेला आणि म्हणाला, पवित्र आत्मा देण्याचा हा अधिकार मलाही द्या. पेत्रानं त्याला तिथल्या तिथं झाडलं, देवाचं दान पैशानं मिळतं असं समजलास, तुझ्या पैशाचा तुझ्यासकट नाश होवो! इथं तर उलटंच झालंय, पैसे मागणाराच व्यासपीठावर उभा आहे. त्या सभेला पुन्हा जाऊ नका. फोन आला तर 'घरात विचारून सांगते' असंही म्हणू नका, सरळ नाही म्हणा.

आता त्या बाईंच्या बोलण्याकडं येऊ. त्या वाईट नसतील, पण मार्काच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय त्यांनी घाईत वाचलेला दिसतो. नाव पाण्यानं भरत चाललीय, प्रभू मागच्या बाजूला उशी घेऊन झोपलाय, आणि शिष्य त्याला हलवून जवळजवळ भांडतात: गुरुजी, आम्ही बुडतोय, तुम्हाला काहीच कसं वाटत नाही? ही काही आदर्श प्रार्थना नव्हे. तिच्यात स्तुती नाही, उपकार मानणं नाही, आहे ती नुसती तक्रार. प्रभू काय करतो? उठतो आणि आधी वाऱ्याला गप्प करतो. भ्यायलात का, अजून विश्वास नाही का, हा प्रश्न त्यानंतरचा आहे, पाणी निवांत झाल्यावरचा. बुडणाऱ्याच्या तोंडावर हा प्रश्न फेकायचा नसतो. आणि असा 'कमी विश्वासाचा' म्हणून कुणालाही त्यानं नावेतून उतरवलेलं नाही.

घाबरणं म्हणजे विश्वास नसणं असेल, तर गेथशेमाने बागेचं काय करायचं? अटकेच्या रात्री प्रभू स्वतः शिष्यांना सांगतो, माझा जीव मरणाइतका खिन्न झालाय, इथं थांबा, माझ्यासोबत जागे राहा. त्याला सोबत हवी होती. सोबतीला आणलेले तिघं झोपले, ते सोडा. पण ज्याच्या नावानं आपण शांती मागतो, त्यानंच एका रात्री घामाघूम होऊन, हा प्याला टळला तर टळू दे, अशी विनवणी केली. तुम्ही रात्री तीनला ओट्यापाशी उभ्या असता, तेव्हा ज्या रात्रीत तुम्ही असता ती त्याच्या ओळखीची आहे.

प्रेषित पौलाचंही ऐका. 'कशाविषयीही चिंता करू नका' हे वचन आपण क्रॉसस्टिचवर विणून भिंतीला लावतो. ते फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात आहे आणि पौलानं ते तुरुंगातून लिहिलं, इथवर बहुतेकांना ठाऊक असतं. पण त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तो एपफ्रदीत नावाच्या सोबत्याबद्दल लिहितो, की हा मरणाच्या दारात जाऊन आला, देवानं त्याच्यावर दया केली आणि माझ्यावरही, नाहीतर मला दुःखावर दुःख सोसावं लागलं असतं. त्याला तुमच्याकडं पाठवतोय, म्हणजे माझ्याही जिवाचा घोर थोडा कमी होईल. चिंता करू नका म्हणणारा माणूसच घोर कमी व्हावा म्हणून खटपट करतोय! त्यानं नुसती प्रार्थना केली नाही, माणूस घरी धाडला, सोबत पत्र दिलं. आणि समाधानाबद्दल बोलताना तो म्हणतो की मी ते शिकलोय. शिकावं लागलं म्हणजे एका रात्रीत आलेलं नव्हतं. मार खाऊन, जहाज फुटून, मित्र सोडून गेल्यावर, वर्षानुवर्षांनी आलेलं ते समाधान आहे. तुम्हाला मात्र महिला मंडळाच्या तासाभरात ते यायला हवं होतं म्हणे.

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्हाला बहुधा किरकोळ वाटली असेल. काकूंनी आमटी-भाकरी आणली आणि रडू आलं, ही ती ओळ. तुम्ही लिहिता, काही कारण नसताना. मला तर कारण स्पष्ट दिसतं. कितीतरी दिवसांनी कुणीतरी तुमच्याकडून काहीही न मागता तुमच्या हातात जेवण ठेवलं. सासूबाईंचं अंथरूण, मिस्टरांचा डबा, मुलाचं तोंड, बँकेचा हप्ता, सगळ्यांचं तुम्ही बघता. तुमचं कुणी बघितलं?

बायबलमधल्या 'पहिले राजे' या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात एलीया संदेष्ट्याची गोष्ट आहे. आदल्याच अध्यायात त्यानं कर्मेल डोंगरावर स्वर्गातून अग्नी उतरवलेला असतो. इतका मोठा विश्वासवीर, आणि राणी ईजबेलच्या एका धमकीनं तो जीव घेऊन पळतो, रानात एका झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, पुरे झालं देवा, आता माझा प्राण घे. मग थकून झोपी जातो. देव तेव्हा काय करतो ते नीट बघा. रागावत नाही, वचन ऐकवत नाही, 'विश्वास कुठं गेला' असं तर विचारतच नाही. दूत येऊन त्याला हलवतो आणि म्हणतो, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. तो खातो आणि पुन्हा झोपतो. दूत दुसऱ्यांदा उठवतो तेही खायलाच, पुढची वाट तुला झेपायची नाही म्हणून. दोन वेळचं जेवण आणि दोन झोपा झाल्यावर एलीया चालू लागतो, आणि देवाशी त्याचं बोलणं होतं ते चाळीस दिवसांनी, होरेब डोंगरावर. तिथंही आधी वारा, भूकंप, अग्नी होऊन जातो आणि मग तो सुप्रसिद्ध मंद आवाज. आपण प्रवचनात नेहमी मंद आवाजापाशी पोचायची घाई करतो. भाकर मधल्यामध्ये राहून जाते.

म्हणून तुमच्यासाठी शांतीची सुरुवात जेवण आणि झोपेपासून होते. हे अध्यात्म नव्हे, असं कुणी म्हणालं तर त्यांना हा अध्याय दाखवा. सगळ्यांची ताटं झाल्यावर उरलेलं उभ्यानं खायचं बंद करा, निदान एक वेळ तरी बसून जेवा. सासूबाईंची रात्रीची पाळी आठवड्यातून दोन रात्री मुलानं करावी. तो तेवीस-चोवीसचा असेल तर आजीला पाणी द्यायला आणि कूस बदलायला जमतं त्याला. महिला मंडळातल्या ज्या बाईंना तुमच्या विश्वासाची काळजी वाटते, त्यांना सांगा की मंगळवारी दुपारी दोन तास सासूबाईंपाशी येऊन बसा. सल्ल्यापेक्षा ते जास्त लागू पडेल. आल्या नाहीत तर तेही कळेल. आणि ज्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या त्यांना रात्री तीनला जाग येते हे स्पष्ट सांगा. पुराच्या धसक्यानं वर्षानुवर्षं झोप मोडणं, छाती धडधडणं, हे दुखणं आहे आणि त्यावर उपचार आहेत. सीपीआर या आपल्या कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. एलीयासारखं 'पुरे झालं' हे कधी खरोखरच मनात आलं, तर सकाळची वाट बघू नका. १४४१६ हा टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

मग ख्रिस्तात आहे म्हणतात ती शांती म्हणजे नेमकं काय? मी तुम्हाला योहानाच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय वाचायला सांगेन. पुनरुत्थानाच्या दिवसाची संध्याकाळ. शिष्य भिऊन दारं लावून आत बसलेत. तीनच रात्रींमागं त्यानं त्यांना, मी आपली शांती तुम्हाला देऊन ठेवतो, असं सांगितलं होतं, आणि त्यानंतर काही तासांत ते पांगले होते. ज्याला शांती मिळाली तो असा कोपऱ्यात बसतो का? बसले होते खरे. आणि प्रभू त्या बंद दारांच्या आत येऊन उभा राहतो. आधी दारं उघडा, मग येतो, अशी अट नाही. 'तुम्हांस शांती असो' म्हणतो आणि लगेच हात आणि कूस दाखवतो, खिळ्यांच्या आणि भाल्याच्या खुणांसकट. त्या जखमा पुसल्या गेलेल्या नाहीत. बाहेरची परिस्थितीही त्या संध्याकाळी काडीनं बदललेली नाही. ज्यांची भीती होती ते लोक तिथंच, यरुशलेमात आहेत. बदललं ते एवढंच की भ्यायलेल्या माणसांच्या मधोमध तो येऊन उभा राहिला.

मी तरी ख्रिस्ती शांती हिलाच समजते. छातीतली धडधड थांबणं हा तिचा पुरावा नव्हे. धडधड चालू असतानाही, आपण एकट्या नाही यावर हळूहळू विसंबायला लागणं, एवढंच. ती आत निर्माण करायची नसते, त्यामुळं ती 'होत नाहीय' म्हणून स्वतःला बोल लावायचंही कारण उरत नाही. काही दिवस तिची जाणीव होते, बरेच दिवस होत नाही. जाणीव नसलेल्या दिवशीही प्रभुभोजनाची भाकर तुमच्या हातावर तेवढीच येते. त्या दिवशी हात पुढं करा, एवढं पुरे.

प्रार्थनेला शब्द सुचत नाहीत, तर उसने घ्या. बायबलमधली स्तोत्रसंहिता त्यासाठीच आहे, आणि तिच्यात रडगाणी किती आहेत याचा आपल्याला चर्चमध्ये पत्ता लागत नाही, कारण आपण २३, १०० आणि १२१ यांच्यापलीकडं फार जात नाही. तेरावं स्तोत्र काढा, सहाच ओव्यांचं आहे. पहिल्या दोन ओव्यांत दावीद चार वेळा देवाला विचारतो, कुठवर? मला कुठवर विसरणार, कुठवर तोंड लपवणार? अठ्ठ्याऐंशीवं तर शेवटपर्यंत उजेडात येतच नाही, अंधारावरच संपतं, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात ठेवलेलं आहे. देवाला ही भाषा चालते. रोज संध्याकाळी, दिवे लागणीला, सासूबाईंच्या खाटेपाशी बसून एक स्तोत्र मोठ्यानं वाचा. क्रमानंच वाचा, आवडीचं शोधत बसू नका. सासूबाईंना जुनं भाषांतर पाठ असेल तर त्या मधेमधे पुढची ओवी तुमच्या आधी म्हणतील. त्यावर विवेचन नको, विनंत्यांची लांब यादी नको. वाचून झालं की प्रभूची प्रार्थना म्हणायची आणि भात लावायला उठायचं. तेवढीच तुमची कौटुंबिक उपासना. मिस्टर बाहेरच्या खोलीत बसून ऐकत असतील तर ऐकू देत, आत बोलावू नका.

मुलाच्या प्रश्नाला उत्तर द्यायची घाई करू नका. 'तुझा देव हप्ता भरतोय का' हे त्यानं नवीन काढलेलं नाही. बेचाळिसाव्या स्तोत्रात लोक रात्रंदिवस विचारतात, तुझा देव कुठं आहे, आणि त्या ऐकणाऱ्याला आसवांशिवाय दुसरं अन्न उरलेलं नाही. तो लोकांना उत्तर देत नाही. आपल्याच जिवाशी बोलत बसतो, का खिन्न झालास, आतल्या आत का तळमळतोस, देवाची आशा धर. आणि हे त्याला एकदा म्हणून भागत नाही, त्याच स्तोत्रात दुसऱ्यांदा आणि पुढच्या स्तोत्रात तिसऱ्यांदा म्हणावं लागतं. तुमच्या मुलाला तुमची काळजी वाटते, ती तो अशी तिरकी बोलतो. त्याला एवढंच म्हणा, "नाही भरत बाळा, म्हणून तर तू आणि मी कागदपत्रं घेऊन बसू या." कागदपत्रांत तरुण मुलाचा जीव रमतो, शिवाय बाप-लेकाला बोलायला एक विषय मिळतो.

कोणती कागदपत्रं तेही सांगते, कारण या सदरात नुसत्या प्रार्थनेवर बोळवण करणं मला पटत नाही. वर्कशॉपची उद्यम नोंदणी आहे का, ते आधी बघा. नसेल तर आताच करून घ्या, ऑनलाइन होते आणि तिला पैसे लागत नाहीत. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणं नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत भागवावं लागतं. त्यापुढं गेलं तर रिझर्व्ह बँकेच्या 'बँक दरा'च्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागू होतं. सरकारी पोर्टलवर ऑनलाइन तक्रारही करता येते. गिऱ्हाईक तुटेल म्हणून उद्यमनगरात सहसा कुणी तक्रार करत नाही, हे मला कळतं. पण १ एप्रिल २०२४ पासून आयकराचा नियमही असा आहे, की मुदतीत न दिलेले हे पैसे देणाऱ्याला प्रत्यक्ष देईपर्यंत खर्चात धरता येत नाहीत. एवढं नम्रपणे, बिलाखाली दोन ओळींत लिहिलं तरी पुष्कळ कंपन्यांचे अकाउंटंट ताळ्यावर येतात. तुमच्या सीएंना किंवा कर सल्लागारांना मसुदा करून मागा. आणि हप्ता थकायच्या आधी मिस्टरांनी बँकेच्या मॅनेजरसमोर जाऊन बसायला हवं, थकल्यावर नव्हे. मुदत वाढवून हप्ता कमी करून मागणं यात नाक कापलं जात नाही. पुरुषमाणसं इथंच अडतात. मुलाला सोबत पाठवा.

आता बंधारा. ताई, शाहूपुरीतल्या माणसाला पुराची भीती वाटणं हा वेडेपणा नव्हे. दोन्ही वेळेस पाणी पन्नास फुटांच्या वर गेलेलं तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. पण ही भीती बारा महिने चोवीस तास मोबाईलमध्ये ठेवायची नाही, एका कागदावर उतरवून फ्रीजला लावायची. राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३. घरात अंथरुणावर माणूस आहे, तेव्हा तुमचा नियम ३९ चा: पातळी ३९ झाली की सासूबाईंना त्याच दिवशी हलवायचं, ४३ ची वाट बघायची नाही, राधानगरीचे किती दरवाजे उघडले याची चर्चा करत बसायचं नाही. कुणाकडं हलवायचं, कोणाची गाडी, औषधांची पिशवी कुठं, कर्जाची आणि घराची कागदं कोणत्या प्लास्टिकच्या डब्यात, हे सगळं मे महिन्यातच ठरवून त्या कागदावर लिहा. ज्यांच्याकडं जायचं त्यांना आधी विचारून ठेवा. तयारी करणं हा अविश्वास नव्हे, नोहानं तारू कोरड्या जमिनीवरच बांधलं होतं. मग जून ते सप्टेंबर सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा पातळी बघायची, तीही प्रशासनाच्या अधिकृत आकड्यात. व्हॉट्सअपवर फिरणारे जुने व्हिडिओ बघायचे नाहीत. उरलेले आठ महिने बघायचीच नाही. रात्री मोबाईल ओट्याजवळ नको, मुलाच्या खोलीत चार्जिंगला ठेवा.

आणि तरीही तीनला जाग येईलच, लगेच थांबणार नाही. तेव्हा उठून उभं राहायचं असेल तर राहा, पाणी प्या, आणि एकशे एकविसाव्या स्तोत्रातली एकच ओवी म्हणा: इस्राएलाचा जो रक्षक आहे तो झोपत नाही, डुलकीही घेत नाही. बंधाऱ्यावर पाटबंधारे खात्याची माणसंही ड्यूटीला असतात. या दोघांच्या वर तुमची तिसरी पाळी लावायची गरज नाही. ही ओवी म्हणून झोप लागली नाही, तरी ती वाया गेली असं समजू नका. पडून राहा. त्या वेळी मनात एखादं काम आलं, कुणाला फोन करायचा, कसली पावती शोधायची, तर उशाशी वही ठेवून तिच्यात लिहून टाका. तीनला सुचलेल्या कामाचं काय करायचं ते सकाळी नऊला ठरवायचं. ज्या दिवसाचं दुःख त्या दिवसाला पुरे, हे प्रभूनं सांगितलंय, आणि त्यात दिवसाला दुःख असतं हे गृहीतच धरलेलं आहे.

या सगळ्यात एक माणूस मला तुमच्या पत्रात कुठंच दिसला नाही, तुमच्या चर्चचे पाळक. त्यांना सांगितलं नाहीत का? महिला मंडळात बोलण्याआधी त्यांच्याकडं जायला हवं होतं असं मी म्हणणार नाही, पण आता जा. पाळकसाहेबांना आणि त्यांच्या मिसेसना घरी बोलवा, चहाला. सासूबाईंना घरी प्रभुभोजन द्यायची विनंती करा. अंथरुणावरच्या माणसाला ते घरी देण्याची पद्धत आहेच, पण मागितल्याशिवाय राहून जातं. त्या निमित्तानं मिस्टरही घरात असतील. चर्चच्या मंडळीत मदतनिधी असेल तर दोन महिने सासूबाईंच्या औषधांसाठी तो मागायला लाजू नका. इतकी वर्षं तुम्ही दानपात्रात टाकलेलं त्यातच गेलंय. पाळकही 'विश्वास वाढवा' एवढंच म्हणून उठले, तर मंडळीतल्या एखाद्या जुन्या वडिलांकडं जा. प्रत्येक मंडळीत एक तरी म्हातारं माणूस असं असतं, जे ऐकून घेतं आणि मध्ये बोलत नाही.

क्वायर सोडू नका. शांतीचं गीत शांत माणसांनीच गायचं असा नियम असता, तर रविवारी बाकं रिकामी राहिली असती. घरी येऊन भांडी आपटता म्हणून गाणं खोटं ठरत नाही. एखाद्या रविवारी आवाज फुटलाच नाही तर ओठ मिटून जागेवर उभ्या राहा, शेजारच्या गातील. फक्त सराव रात्री उशिरापर्यंत लांबत असेल तर क्वायरमास्तरांना सांगून लवकर निघा. साडेनऊला मला घरी पोचायचं असतं, असं पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. कारण विचारलं तर डॉक्टरांनी लवकर झोपायला सांगितलंय म्हणा.